क्रोमच्या वीस ओळी म्हणजे वीस चोर नव्हेत

शनिवारी दुपारी मामांचा फोन आला. सोलापूरच्या चाटी गल्लीत त्यांचं चादरी-टॉवेलचं घाऊक दुकान आहे. दारात टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि अर्धं भरलेलं मालवाहतुकीचं ई-वे बिल स्क्रीनवरून गायब! व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून त्यांनी विंडोजचं टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी, उघडलं होतं आणि क्रोम ब्राउझरची दिसेल ती ओळ 'एंड टास्क' केली होती. तोच मेसेज नंतर मला आणखी तिघांनी पाठवला, म्हणून लिहितोय.

मेसेजमधला पहिला दावा: 'क्रोम एकदाच उघडलंय, यादीत वीस वेळा दिसतंय, म्हणजे बाकीचे हॅकर.' साफ खोटं. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आलं तेच काम अनेक प्रोसेसमध्ये, म्हणजे संगणकात स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांमध्ये, वाटण्याच्या रचनेवर. आज मुख्य प्रोसेस वेगळी, ग्राफिक्सची वेगळी, नेटवर्कची वेगळी, एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची) आणि उघडलेल्या पानांची वेगळी. कारखान्यात एका मागाचा धागा तुटला तर तेवढाच माग थांबतो की नाही? तसंच हे. कुठली ओळ कशाची ते बघायला क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबा, नावानिशी यादी येते. मामांच्या यादीत सगळ्यात जास्त मेमरी कूपन शोधणारं एक एक्स्टेन्शन खात होतं. ते कुणी टाकलं हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. काढायचं होतं ते तेवढंच.

'फायरफॉक्स घ्या, त्यात एकच प्रोसेस असते.' नसते. २०१६ पासून तिथंही पानं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात.

खरा संताप आला तो पुढच्या सल्ल्याचा. 'शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये नो-सँडबॉक्स जोडा, क्रोम पळायला लागेल.' मामांनी तेही केलं होतं. सँडबॉक्स म्हणजे वेबपानाभोवतीचं कुंपण. पानात घातक कोड असला तरी त्याला तुमच्या डिस्कवरच्या फायलींना परस्पर हात लावता येत नाही, ते या कुंपणामुळे. ते काढलंत तर ब्राउझरमधली एखादी चूक हाताशी धरून तो कोड थेट टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या डेटापर्यंत जाऊ शकतो. क्रोम स्वतः वर पट्टी दाखवून बजावतं की यानं सुरक्षितता धोक्यात येते. मामांनी ती पट्टी फुली मारून बंद केली होती आणि त्याच खिडकीत बँकेचं लॉगिन उघडं होतं!

मेमरी जास्त लागते, हे मात्र मान्य करावं लागेल. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष जाहीर झाला. एकाच प्रोसेसमध्ये राहणारी एक साइट दुसरीचा डेटा वाचू शकेल, अशी ती भीती होती. म्हणून त्याच वर्षी क्रोमनं प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस दिली आणि त्यापायी एकूण मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते, हे जुलै २०१८ मध्ये गूगलच्या सुरक्षा विभागानंच लिहून टाकलं. चार जीबीच्या जुन्या मशीनवर ते जाणवतंच. त्यावर टॅब कमी ठेवा, सेटिंग्जमध्ये मेमरी सेव्हर चालू करा.

'बंद केलं तरी क्रोम मागे चालू राहतं', हेही खरं असू शकतं. पण ती चोरी नव्हे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम'खाली त्याचं बटण आहे, नको असेल तर बंद करा.

आणि ज्यांनी शॉर्टकट बदललाय, त्यांनी हे वाचून होताच त्यावर राइट क्लिक करावं, प्रॉपर्टीज उघडावं, 'टार्गेट'च्या शेवटी जोडलेले ते शब्द पुसावेत आणि क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं. वरची पट्टी दिसली नाही, म्हणजे कुंपण परत आलं.