‘आंघोळ केली की पुरावा गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बीड, लातूर, धाराशिवकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: अत्याचारानंतर बाईनं आंघोळ केली की पुरावा गेला. 72 तास उलटले तर दवाखान्यात जाऊन फायदा नाही. आरोपी अनोळखी असेल तर डीएनए जुळवणार कुणाशी? रिपोर्ट निगेटिव्ह आला की बाईच खोटी ठरते. तेव्हा अब्रू झाका आणि घरात बसा. शेवटी ‘काळजीपोटी पाठवतोय’ असंही लिहिलंय. हे वाचून एखादी पोरगी गप्प बसली, तर सुटतो तो करणारा. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आंघोळीचं आधी. आंघोळीनं पुरावा कमी होतो, हे खरं. संपतो, हे खोटं. शरीराच्या आत गेलेलं वीर्य अंगावर पाणी घेतल्यानं निघून जात नाही. शुक्राणूचं डोकं इतकं चिवट असतं, की प्रयोगशाळेत बाईच्या पेशी आधी फोडून बाजूला काढतात आणि मागं उरलेले शुक्राणू वेगळ्या रसायनानं फोडतात. 1985 पासून माहीत असलेली ही रीत आहे. शुक्राणू नसलेच, तरी फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी करता येते. धुतलेल्या कपड्यांवरही वीर्याचा डीएनए मिळाल्याचं प्रयोगांत दिसलंय. त्यामुळं परकर, सलवार, चादर जाळू नका. धुतले असतील तरी द्या. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट कपड्यावर बुरशी धरते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात डीएनए लवकर खराब होतो.

तपासणीत काय होतं, हेही सांगते, कारण भीती त्याचीच जास्त असते. खाली कोरा कागद अंथरतात आणि त्यावर उभं राहून कपडे उतरवायला सांगतात, म्हणजे अंगावरून पडलेला केस, माती, धागा कागदात राहतो. मग नखांखालचं खरवडून घेतात, चावल्याच्या जागी लाळ टिपतात, आतले स्वॅब घेतात आणि ते हवेवर वाळवूनच पाकीटबंद करतात. प्रत्येक गोष्टीला बाईची संमती लागते. योनीत बोटं घालून ‘सवय आहे का’ बघणारी दोन बोटांची चाचणी सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये चुकीची ठरवली आणि 2022 मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलं. कुणी ती करू लागलं तर नाही म्हणा. सरकारी असो की खासगी, दवाखान्याला तातडीचे उपचार फुकट द्यावेच लागतात.

72 तासांचा आकडा तर बाईला घरी बसवायलाच वापरला जातो. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या सूचनांत आतले नमुने 96 तासांपर्यंत घ्यायला सांगितलेत. कपड्यांना तर अशी मर्यादाच नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं काय होतं बघा. कोपी (राहायची झोपडी) परजिल्ह्यात, उचल (आगाऊ पैसे) मुकादमाची, आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, गाव दिसत नाही. ती महिन्यांनी केजला किंवा धारूरला येऊन बोलली, तरी गुन्हा कुठंही नोंदवता येतो, आणि बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही. दिवस गेले असतील आणि गर्भपात झाला, तर त्या पेशींवरून पुरुष कोण ते ठरवता येतं. फक्त त्या पेशी फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकू नका असं डॉक्टरांना सांगा, त्यानं डीएनए तुटतो.

आता ‘अनोळखी असेल तर जुळवणार कुणाशी’. मला सगळ्यात राग याच वाक्याचा येतो, कारण डीएनएचं मोठं काम नेमकं इथंच आहे. प्रयोगशाळेला नाव लागत नाही. डीएनएच्या ठरावीक जागांवर लहान तुकडे किती वेळा आलेत ते मोजून आकड्यांची एक ओळ तयार होते. दोन तालुक्यांतल्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या बायकांच्या पाकिटांतून तीच ओळ निघाली, तर माणूस एकच. उद्या तो तिसऱ्या गुन्ह्यात धरला गेला, की त्याच्या रक्ताचा एक नमुना तिन्ही गुन्हे उघडतो.

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ 1983 आणि 1986 मध्ये दोन मुलींवर बलात्कार करून खून झाले. एका 17 वर्षांच्या पोरानं एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएवरून माणूस ओळखायची रीत शोधणारे शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी तपासणी केली, तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे निघाले, आणि तो माणूस हा पोरगा नव्हता. पोरगा सुटला. मग आसपासच्या सुमारे 5,000 पुरुषांचे नमुने घेतले गेले. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्कनं आपल्या जागी दुसऱ्याला पाठवलं, ते फुटलं आणि 1988 मध्ये त्याला जन्मठेप झाली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये 2009 साली पोलिसांच्या गोदामात बलात्काराच्या पुराव्याची 11 हजारांहून अधिक न तपासलेली पाकिटं सापडली. ती तपासल्यावर एकापेक्षा जास्त गुन्ह्यांशी जोडलेले 800 हून अधिक संशयित पुढं आले. त्या पाकिटांतल्या कित्येक बायकांना ‘आता काय उपयोग’ असंच वाटलं असणार.

आपल्याकडं गुन्ह्यांतले डीएनए एका जागी साठवून जुळवण्यासाठीचं डीएनए विधेयक 2023 मध्ये मागं घेतलं गेलं, त्यामुळं जुळणी आपोआप होईल असं धरू नका. आसपासच्या जुन्या गुन्ह्यांतल्या नमुन्यांशी पडताळणी करा, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या.

निगेटिव्ह रिपोर्टचं थोडक्यात: सी.ए. (केमिकल ॲनालायझर, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या) रिपोर्टमध्ये वीर्य सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कायद्यात बलात्कारासाठी वीर्यस्खलन लागतच नाही, आणि बाईची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती एकटी पुरेशी आहे, हे सुप्रीम कोर्टानं 1996 मध्येच स्पष्ट केलंय.

याच मेसेजखाली काही जण उलटं लिहितात: डीएनए जुळला की शिक्षा पक्की. तेही चूक. दिल्लीच्या छावला इथल्या 2012 च्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिघा आरोपींना सोडलं, त्यामागचं एक कारण म्हणजे नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मालखान्यात (जप्त वस्तू ठेवायच्या खोलीत) पडून होते. जुलै 2025 मध्ये कोर्टानं सांगितलं, की नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवा आणि कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले याची नोंद ठेवा. आपल्याला छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, दोन्हीकडं न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. नमुने दिल्यापासून तिसऱ्या दिवशी घरातल्या कुणीतरी ठाण्यात जाऊन विचारा: मुद्देमाल कधी गेला, जावक क्रमांक काय, प्रयोगशाळेची पोच आली का? उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न पोलीस अधीक्षकांना लेखी विचारा आणि त्या अर्जाची पोच घ्या.