चिमूटभर शिरा

परवा नात्यातल्या एका घरी सत्यनारायण होता. आज तिसरा दिवस आणि मी अजून गाऊनवर पडून आहे. पोट ढोलासारखं फुगलंय, सांधे ठणकतायत, पंख्याचा वारा अंगावरून गेला तरी नको होतंय. कशामुळे, तर चिमूटभर शिऱ्यामुळे.

आणि तो मी खाल्लेला नाही. मला कोंबला.

आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन माझ्या आतड्याला सोसत नाही, प्रसाद घेता येणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. त्या घरच्या बाईंनी समजून घेतलं, माझ्यासाठी केळं आणि खडीसाखर वेगळी काढून ठेवली. मी तीर्थ घेतलं, नमस्कार केला आणि भिंतीला पाठ टेकून बसले. पाठ भिंतीला अशासाठी, की मागून कुणी अचानक हात ठेवायला नको. तर समोरून नवऱ्याच्या आत्या आल्या. हातात द्रोण.

"अगं, प्रसादाला नाही म्हणतेस? आत्ताच कथा ऐकलीस ना? कलावतीनं प्रसाद टाकला तर नवऱ्यासकट नाव बुडाली."

"आत्या, रव्याचा आहे हो, मला डॉक्टरांनी..." एवढं बोलायला तोंड उघडलं तीच माझी चूक. डाव्या हातानं त्यांनी माझी हनुवटी धरली, अंगठा गालात रुतला, आणि उजव्या हाताची तुपानं माखलेली तीन बोटं थेट माझ्या तोंडात. ओठाला लागलेलं तूप त्याच बोटांनी पुसलंसुद्धा. "चिमूटभरानं काही होत नाही." आजूबाजूच्या बायका हसल्या. मी बेसिनशी धावले, थुंकले, चुळा भरल्या, गाल लाल होईपर्यंत साबणानं घासला. मागून ऐकू आलं, "प्रसाद थुंकला बाई हिनं!"

होतं. चिमूटभरानं होतं. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. किलोमागे! रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर तीन महिन्यांत आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसतं, हे माणसांवर तपासून झालंय. त्या तीन बोटांवरच्या घासात तेवढं सहज असेल. माझं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. रक्ततपासणी झाली, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला, तेव्हा निदान झालं. चौदा महिने जिवापाड जपून ते अकरावर आणलंय. ही काय हौस आहे माझी?

आणि दर वेळी तेच. "गहू चालत नाही? मग रवा चालेल ना?" रवा गव्हाचाच असतो. शेवया गव्हाच्या, दलिया गव्हाचा, मैदा गव्हाचा. हॉटेलात विचारलं तर वेटर छातीठोकपणे सांगतो, "मॅडम, मैदा नाही, शुद्ध आटा आहे." घरचं मेतकूट सुटलं, त्यात गहू. थालीपिठाची भाजणी सुटली. हिंग सुटला! डबीवरची बारीक अक्षरं वाचा, बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे कुणाकडे साधं वरणही डोळे मिटून घेता येत नाही. गिरणीत ज्वारी न्यावी तर आधीच्या गव्हाचं पीठ जात्यातच असतं. "ताई, वरचं शेरभर काढून टाकतो," म्हणतात. त्यानं भागत नाही. शेवटी घरघंटी घेतली, तवा वेगळा केला, पोळपाट वेगळा केला, तर एका पाहुणीनं माझ्याच पोळपाटावर पोळ्या लाटल्या. "धुतला की गं!" लाकडाचा आहे तो. भेगांत पीठ बसतं.

घडीची पोळी मला आठवत नाही असं वाटतं का लोकांना? तव्यावरून उतरलेली, पदर सुटलेली, वर तूप. घरात रोज त्याचा वास येतो आणि मी बाजूच्या गॅसवर भाकरी थापते.

पण परवा संताप आला तो शिऱ्यापेक्षा त्या हाताचा. मला लहानपणापासून स्पर्श सोसत नाही. नकळत, हलका झालेला तर मुळीच नाही. घट्ट धरलेला हात एक वेळ चालतो, पण दंडावरून सहज फिरवलेली बोटं तासभर अंगावर तशीच राहतात, मुंगळा चालल्यासारखी. कपड्यांची लेबलं मी उसवून टाकते. जरीचा काठ पोटरीला घासला की मला पुढचं काही ऐकू येत नाही. त्यात असं काही पोटात गेलं की माझी कातडी आणखी तापते, मग चादरसुद्धा नको. आईनं माझे परकर-पोलके उलटे शिवून घेतले होते, शिवण बाहेरच्या बाजूला. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. बाकी सगळ्यांना मी नाटकी. गाल ओढतात, केसांतून हात फिरवतात, ओटी भरताना पोटाला चाचपून "काही विशेष?" विचारतात. बाजूला सरकलं की "शिष्टच आहे."

म्हणे पूर्वी असले आजार नव्हते. होते! "खातं पण अंगी लागत नाही" म्हणायचे ना पोरांना? त्यातली किती अशीच गेली असतील. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, तेव्हा अशी आजारी मुलं सुधारली. पाव परत मिळायला लागला तशी पुन्हा खंगली. ऐंशी वर्षं झाली या गोष्टीला. आणि मी अजून द्रोण हातात घेतलेल्या बाईला समजावतेय.

आज सकाळी आत्यांचा फोन आला. "बरी आहेस ना? बघ, काही झालं का?" मी सांगितलं, "तीन दिवस अंथरुणात आहे, आत्या. यापुढे मला हात लावायचा नाही आणि काही भरवायचं नाही." पलीकडे शांतता. मग त्यांनी नवऱ्याला फोन लावला, की सुनेची जीभ फार चालायला लागली. तो म्हणाला, "बरोबर बोलली ती."

येत्या रविवारी त्यांच्या घरी केळवण आहे. तो एकटा जाणार आहे.