साका कुठून येतो?

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या कट्ट्याला मे महिन्यात विषय एकच, आंबा. परवा तो आंब्यावरून आदामावर गेला आणि लाइट जाऊन परत आली तरी तिथून हलला नाही. त्याची ही लिहून काढलेली गजाल.

बाबल्याने हापूस कापला. बाहेरून पिवळाधमक, वासाला एक नंबर. आत बाठ्याला लागून पांढरट, कापसासारखा चोथा. साका.

"ह्या बघ," बाबल्या म्हणाला. "वरसून काय कळाचा नाय. फळान काय पाप केल्यान?"

पास्कू चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो. त्याने फोड हातात घेतली. "आदामाच्या चुकीमुळे प्रत्येक माणसाला जन्मतःच लागलेलं, ते मूळ पाप म्हणतात ना? ते समजून घ्यायचं तर यापेक्षा सोपं काही नाही."

नाना लगेच सरसावून बसले. "म्हणजे तान्हं पोरही पापी? त्याने कुणाचं काय घोडं मारलंय?"

इथे मध्येच सांगून टाकतो, अर्धं भांडण 'पाप' या शब्दातच होतं. आपल्या कानाला पाप म्हटलं की वही दिसते: इकडे पाप, तिकडे पुण्य, खाली शिल्लक. ख्रिस्ती शिकवणीत पाप आधी अवस्था आहे, मग कृत्य. आणि पुण्य जमा करून पाप वळतं करायची सोय त्या हिशेबात नाही. हे ध्यानात येईपर्यंत नाना एका विषयावर बोलत होते आणि पास्कू दुसऱ्याच.

सॅम्युअल मास्तरांनी शब्दापासूनच सुरुवात केली. बायबलच्या जुन्या करारात पापासाठी जो हिब्रू धातू सर्रास येतो, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. शास्ते या पुस्तकात बन्यामीन वंशातले ७०० डावखुरे गोफणवाले आहेत. केसावर नेम धरला तरी त्यांचा धोंडा चुकत नसे, असं विसाव्या अध्यायात म्हटलंय, आणि त्या 'चुकत नसे'ला तोच धातू आहे. पापासाठीचा ग्रीकमधला हमार्तिया शब्दही नेम चुकण्यावरूनच आलेला. "आणि गंमत बघा," मास्तर म्हणाले, "आदाम-हव्वेने देवाने मना केलेलं फळ खाण्याची गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात. त्या अख्ख्या अध्यायात पाप हा शब्दच नाही! तो पहिल्यांदा येतो चौथ्यात, देव आदामाच्या मुलाला, काईनाला ताकीद देतो तेव्हा. पाप दाराशी टपून बसलंय, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, तू त्याच्यावर सत्ता चालव. म्हणजे पाप तिथे दबा धरून बसलेल्या जनावरासारखं आहे."

"सफरचंद होतं ना पण?" कोणीतरी मागून.

सफरचंद नव्हतं. मूळ मजकुरात नुसतं फळ आहे. लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे सफरचंदही आणि वाईटही, त्या कोटीने पश्चिमेत सफरचंदाला हातभार लावला. सर्पालाही तिथे सैतान म्हटलेलं नाही, ते नाव त्याला चिकटतं थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात.

शुभदाताईंना वेगळंच खुपत होतं. "सगळं खापर हव्वेवर फोडायचं हे मात्र बरोबर जमतं. मजकूर नीट वाचा. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात ती फळ खाते आणि 'आपल्याबरोबर' असलेल्या नवऱ्याला देते. तो तिथेच होता! सर्प बोलत असताना मुका. आणि देवाने विचारल्यावर तोंड उघडलं ते काय म्हणायला? तू मला दिलेल्या बाईने दिलं. एका वाक्यात बायकोलाही गोवलं आणि देवालाही."

यावर मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले की बायबलमध्ये प्रेषित पौलाच्या नावावरच्या पत्रांत दोन्ही सापडतं. रोमकरांस पत्रात एका माणसामुळे, म्हणजे आदामामुळे, पाप जगात आलं असं आहे. तीमथ्याला पहिल्या पत्रात मात्र आदाम भुलला नाही, स्त्री भुलली असं आहे. ताई 'हं' एवढंच म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये बरंच होतं.

पण वाईट मुळात आलं कुठून, हा नानांचा प्रश्न तसाच होता. देवाने सगळं चांगलं केलं म्हणता, मग यात कीड कुणी घातली? पास्कूने पुन्हा तीच फोड दाखवली. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणतो, वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. जे चांगलं असायला हवं होतं त्याची उणीव म्हणजे वाईट. "बाबल्या, तूच सांग, हा साका बाहेरून शिरतो काय?"

"नाय. ता काय किडीचा काम नाय. गर पिकाचोच रवता तेवढ्या जागेर." बाबल्याचं शास्त्र पक्कं आहे. बाकी फळात स्टार्चची साखर होते, त्या जागी होत नाही. तापल्या जमिनीची झळ लागली की साका वाढतो, काढलेला आंबा उन्हात भुईवर टाकला की वाढतो, फळ झाडावर पुरतं तयार होऊ दिलं की वाढतो. म्हणून चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, सावलीत ठेवायचा आणि झाडाखाली पाल्याचं आच्छादन करायचं.

"झालं तर! साका म्हणजे आंब्यात घातलेलं काही नव्हे, आंब्याचं आंबा व्हायचं राहिलेलं. ऑगस्टीन हेच म्हणतो."

"आंबा निवडतो काय?" नाना. "माणूस निवडतो. तुझा दाखला इथेच लंगडा पडला."

दाखला लंगडा पडला हे पास्कूने मान्य केलं, आणि तिथून खरा वाद सुरू झाला. आदामाने निवडलं, पण आपण तर निवडलं नव्हतं. मग ते आपल्यापर्यंत आलं कसं? ऑगस्टीनच्याच काळात ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस म्हणत होता, येतच नाही. प्रत्येक जण कोराच जन्मतो, बिघडतो तो बघून बघून, अनुकरणाने. कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ साली हे मत फेटाळलं. ऑगस्टीनचा भर रोमकरांस पत्राच्या ५:१२ वर. पण त्याच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं' असं होतं. ग्रीकमधून सरळ वाचलं तर 'कारण सर्वांनी पाप केलं' असं निघतं. एका जोडशब्दावर केवढा डोलारा! पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तो तसा उभारला नाही. त्यांच्या मते आदामाकडून वारशाने मृत्यू आणि नासकेपणा येतो, त्याचा दोष येत नाही.

पुढे १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने ठरावात शब्द घातले: अनुकरणाने नव्हे, 'प्रोपागात्सिओ'ने. मास्तर म्हणाले, हा शब्द मुळात माळ्याचा. वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं फुटली की तोडून नवं झाड करायचं.

"दाब कलम!" बाबल्या जवळजवळ उठलाच. "मगे ता बरोबर आसा. हापूसचा झाड कोयीपासून नाय, कलमापासून. सगळो हापूस एकाच लाकडाचो. म्हणान साको सगळ्यांक."

आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्यातला हिशेबी माणूस जागा झाला. "पण माझ्या पणज्यान काढलेला कर्ज मी कित्याक फेडू?"

अस्लमभाई इतका वेळ ऐकत होते. "आमच्याकडे म्हणूनच हे नाही," ते शांतपणे म्हणाले. "आदमने चूक केली, तौबा केली, अल्लाने माफ केलं. विषय मिटला. कुणी कुणाचं ओझं उचलत नाही, कुराणात साफ आहे."

मास्तरांनी मान डोलावली आणि बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढला. तिथेही मुलगा बापाचा दोष वाहणार नाही असंच आहे. त्याच अध्यायात एक म्हण येते: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. ही म्हण आता बंद, असं देव सांगतो. (आपल्याकडे द्राक्षांऐवजी कैरी म्हणायला हरकत नाही.) पण निर्गमाच्या विसाव्या अध्यायात बापाच्या अन्यायाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातं असंही आहे. दोन्ही वचनं एकाच बायबलात. पास्कूचं उत्तर मला इथे पटलं: दोष वेगळा, परिणाम वेगळा. पणजोबाच्या कर्जावर तुझी सही नसते, पण त्याने विकलेली बाग तुला मिळत नाही ती नाहीच. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात मूळ पापाबद्दल स्पष्ट आहे: ते 'केलेलं' नव्हे, 'लागलेलं' आहे. अवस्था आहे, कृत्य नव्हे, आणि त्याला पाप म्हणायचं ते दाखल्यापुरतं. तान्ह्या पोराविषयी नानांना हेच हवं होतं. स्नानसंस्काराशिवाय, म्हणजे बाप्तिस्म्याशिवाय, गेलेल्या बाळांबद्दल ऑगस्टीन कठोर होता हे पास्कूने लपवलं नाही. पण २००७ मध्ये रोमच्या ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं मांडलं.

मग कॅथलिक पास्कू आणि प्रोटेस्टंट मास्तर या दोघा ख्रिस्ती मित्रांचंच जुंपलं. पास्कू म्हणे, स्नानसंस्काराने मूळ पाप जातं, मागे उरतो तो ओढा. तो स्वतः पाप नव्हे, त्याला होकार दिला तर पाप. मास्तर म्हणे, बाप्तिस्म्याने क्षमा मिळते हे खरं, पण तो ओढाच पाप आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरच्या मते विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी. महापाप आणि लहान पाप ही वाटणीही मास्तरांना फारशी मानवत नाही. पास्कूने तीन अटी बोटांवर मोजल्या: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं, आणि मनापासून होकार हवा. एक जरी कमी पडली तर ते महापाप नाही.

परिणामांवर आलो तेव्हा नानांनी फासा टाकला. "खाशील त्या दिवशी मरशील, असं देव म्हणाला ना? आदाम तर ९३० वर्षं जगला."

याला जुनं उत्तर आहे. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस म्हणतो, प्रभूचा एक दिवस हजार वर्षांचा, आणि आदामाने हजारी काही गाठली नाही. नाना हसले, "हे वकिली झालं." मला विचाराल तर दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. त्या दिवशी काय काय मोडलं ते बघा. देवाची चाहूल लागताच दोघे झाडीत लपले. एकमेकांसमोर अंजिराची पानं शिवून घेतली. नवऱ्याने बायकोवर ढकललं. जमिनीतून काटे-कुसळं आली. बाईच्या बाळंतपणाच्या कष्टाला आणि पुरुषाच्या शेतातल्या कष्टाला मूळ हिब्रूत शब्दही एकच वापरलाय. शरीराचं मरण या सगळ्याच्या शेवटी येतं.

"पापाचं वेतन मरण," मास्तर म्हणाले. "आणि वेतनाला पौलाने कुठला शब्द घेतलाय ठाऊक आहे? ऑप्सोनिया, शिपायाचा पगार. तो आला ऑप्सॉनवरून. ऑप्सॉन म्हणजे भाकरीबरोबर खायचं तोंडीलावणं, बहुतेक करून मासळी."

"म्हणजे कालवण!" शुभदाताई.

"कालवणाचे पैसे. पण पुढचं अर्धं वाक्य लोक सोडतात. मरण हे वेतन आहे, सार्वकालिक जीवन मात्र कृपादान. पापाकडे चाकरी केलीत तर पगार चुकता मिळेल. दुसरं मिळतं ते पगारात बसत नाही."

बाबल्या अजून कर्जावरच होता. "मगे कोणी आंबे चोरल्यान, कुमसारात पाद्रीक सांगितल्यान, की मोकळो?"

"अजिबात नाही," पास्कू. "पश्चात्ताप, निवेदन, आणि मग भरपाई. माल परत करता येत असून ठेवून घेतला, तर पश्चात्तापच खोटा. क्षमा दोषाची होते, मालकाचं नुकसान तसंच राहतं."

मास्तरांनी दर सांगितले. लेवीयच्या सहाव्या अध्यायात, लुबाडणारा स्वतः दोष कबूल करून आला तर वस्तू परत आणि वर एक पंचमांश. निर्गमाच्या बाविसाव्यात, चोर पकडला गेला आणि जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. मेंढरू कापलं-विकलं असेल तर चौपट, बैल असेल तर पाचपट. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय जकातदार आपण होऊन चौपट द्यायला निघाला, म्हणजे त्याने पकडलेल्या चोराचा दर स्वतःला लावून घेतला.

नानांनी पाटीवर हिशेब मांडला. पाच डझनाची पेटी, ६० फळं. कबुली दिली तर ६० परत, वर १२. एकूण ७२.

बाबल्याने हातातली साक्याची फोड नारळाच्या आळ्यात भिरकावली. "आणि त्या बारात साको गावलो तर?"