मुलांना आधी भाषण नको, नकाशा शिकवा

एमयूएनचा, म्हणजे शाळकरी मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवायच्या 'मॉडेल युनायटेड नेशन्स' परिषदांचा मोसम आला की शाळाशाळांत तयारीचं तेच चित्र. ब्लेझर शिवायला टाकतात, इंग्रजी उच्चार घोटून घेतात आणि दीड मिनिटाचं ओपनिंग स्पीच मुलांकडून आरशासमोर पाठ करून घेतात. मुलंही हौसेनं करतात. पण ही तयारी वक्तृत्व स्पर्धेची झाली. शिखर परिषदेत समोरच्या देशाचीही सही लागते, आणि ती कशी मिळवायची हे त्या मुलांना कुणी शिकवतच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

यंदा सांगलीतल्या आमच्या मुलांकडे नाईल नदीचा विषय आला. इथिओपियाचं ग्रँड रेनेसाँ धरण, आणि इजिप्त, सुदान व इथिओपिया या तीन देशांचा वाद. पहिले काही दिवस मी कुणाला भाषण लिहू दिलं नाही. भिंतीवर नकाशा लावला आणि म्हटलं, पाणी कुठून येतं ते बोटानं दाखवा. इजिप्तमधल्या असवानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 85 टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून येतं. आणि 1959 चा करार? तो फक्त इजिप्त आणि सुदान यांच्यात झाला. इजिप्तला 55.5 अब्ज घनमीटर, सुदानला 18.5, बाकीचं बाष्पीभवनात. इथिओपियाला बोलावलंच नव्हतं. एवढं कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली, तिथून खरी तयारी सुरू झाली.

अब्ज घनमीटर म्हणजे किती, हे आमच्या मुलांना टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगितलं की लगेच समजतं. इथिओपियाच्या धरणाची क्षमता 74 अब्ज घनमीटर, म्हणजे साधारण 2,600 टीएमसी. कोयना 105 टीएमसीची. मुलांनी भागाकार केला आणि इजिप्तची झोप का उडाली असेल ते त्यांना आपोआप उमगलं.

मग मी खुर्च्या बदलल्या. इजिप्तच्या डेलिगेटनं, म्हणजे प्रतिनिधीनं, इथिओपियाची बाजू मांडायची, आणि इथिओपियाचा डेलिगेट "हो, आम्हाला हेच म्हणायचंय" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. इजिप्त झालेला मुलगा सुरुवातीला नुसता नाराज होता. पण इथिओपियातल्या नोकरदारांनी धरणासाठी पगारातून पैसे दिले, सामान्य लोकांनी रोखे घेतले, जवळपास निम्म्या जनतेच्या घरात वीज नाही, असं एकेक वाचत गेला तसा त्याचा आवाज बदलला. इथिओपियाच्या मुलीनं मग पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या आणि नव्वद टक्क्यांहून जास्त गोड्या पाण्यासाठी एकाच नदीवर जगणाऱ्या इजिप्तच्या दहा कोटींवर लोकांची बाजू मांडली. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही पोझिशन पेपरमधून, म्हणजे देशाची भूमिका मांडणाऱ्या टिपणातून, "आक्रमक" आणि "बेजबाबदार" हे शब्द गेले होते. मी खोडायला सांगितलं नव्हतं.

सगळ्यात अवघड खुर्ची सुदानची, आणि ती बहुतेक ठिकाणी सगळ्यात कच्च्या मुलाला देतात. मी उलट करते. या धरणामुळे सुदानचे पूर आटोक्यात येऊ शकतात, गाळ कमी होतो. पण त्यांचं रोसेरेस धरण खाली शंभरेक किलोमीटरवरच आहे. वरून किती पाणी सुटणार हे वेळेत कळलं नाही तर धोका पहिला त्यांना. आमच्या सुदानच्या डेलिगेटला हे समजावून सांगावं लागलं नाही. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की घरातलं प्रत्येक माणूस कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून किती सोडलं, हेच विचारत असतं. तिनं पहिलंच कलम लिहिलं: विसर्गाची माहिती रोज, ठरलेल्या वेळी, तिन्ही देशांना एकाच वेळी. 2023 च्या एप्रिलपासून सुदानमध्येच युद्ध पेटलंय, तेव्हा त्या खुर्चीत नेमकं कोण बसतं हा प्रश्नही तिनंच काढला. मला तिचा फार अभिमान वाटला.

आयोजकांनाही सांगायचंय. तुमचे बॅकग्राउंड गाईड, म्हणजे मुलांना आधी देता ती विषयाची माहितीपुस्तकं, जुने असतात. "जलाशय कधी भरावा" यावर मुलं अजून भांडतात, आणि धरणाचं तर सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटनही झालं, बंधनकारक करार न होताच. 2015 मध्ये खार्टूमला तिघांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, वॉशिंग्टनच्या चर्चेत 2020 मध्ये शेवटच्या टप्प्याला इथिओपिया गेलाच नाही, सुरक्षा परिषदेतही विषय झाला. आता उरलेला कळीचा मुद्दा हा की सलग दुष्काळी वर्षं आली तर खाली किती पाणी सोडायचं, आणि वाद झाला तर निवाडा कुणाचा मानायचा. यावर एक तरी ओळ लिहून घ्या मुलांकडून. एका परिषदेत मी पाहिलेल्या ड्राफ्ट रेझोल्युशनमध्ये (ठरावाच्या मसुद्यात) शांतिसेना होती, निर्बंध होते, जागतिक निधी होता, पाण्याचा एक आकडा नव्हता. बेस्ट डेलिगेटचं बक्षीसही तो लिहिणाऱ्या ब्लॉकला, म्हणजे देशांच्या गटालाच मिळालं. परिषद चालवणाऱ्या चेअरनी "किती, कधी, कोण मोजणार" एवढं जरी विचारलं असतं तरी तो कागद तिथेच परत गेला असता.

आणि पालकांनो, अनमॉड कॉकसमध्ये, म्हणजे मुलं जागा सोडून आपापसात वाटाघाटी करतात त्या वेळी, तुमचं मूल गप्प ऐकत बसलेलं दिसलं तर त्याला घरी जाऊन रागावू नका. कोण कुठे नमतं घेईल हे तेव्हाच कळतं. ओरडून ब्लॉक जमवणाऱ्या मुलापेक्षा मला ते मूल जास्त तयार वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही छोटी परिषद घेतोय. फक्त हे तीन देश आणि मध्यस्थ म्हणून आफ्रिकन युनियन. ओपनिंग स्पीच नाही, ब्लेझर नाही, बोलणं मराठीत किंवा इंग्रजीत, जसं जमेल तसं. प्रत्येक देशाला एक बंद पाकीट मिळेल, त्यात काय सोडता येईल आणि काय अजिबात नाही ते लिहिलेलं असेल. तिन्ही सह्या झाल्या तरच गुण, आणि ते तिघांना सारखे. आजूबाजूच्या शाळांतून, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणाहून कुणी मुलं पाठवणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. सुदानच्या खुर्चीसाठी तुमचं सर्वात हुशार मूल पाठवा.