क्लिक करा म्हणे!

स्क्रीनवर सूचना आली. कुठल्याशा यूएसबी उपकरणाने मर्यादेबाहेर वीज ओढली आहे, पोर्ट पुन्हा सुरू करण्यासाठी इथे क्लिक करा. कशाने करू? माउस त्याच हबला, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे चार करणाऱ्या डबीला, लावलेला आणि त्याच्या पोटातला लाल दिवा विझलेला. कीबोर्ड, पेनड्राइव्ह आणि टेबलावरचा चिमुकला पंखाही तिथलेच. चौघेही एकदम गार.

गंमत म्हणजे मी उठून वायरी हलवायला गेलो की सगळं सुरळीत. पंखा गरगरतोय, माउस लाल डोळा मिचकावतोय. समाधानाने बसावं, टेबलाशी सरकावं, अर्धं वाक्य टाइप करावं, की पुन्हा सामसूम. तीन दिवसांत मी माउस बदलला, ड्रायव्हर काढून परत घातले आणि शेवटी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच नव्याने टाकली. पायात काटा रुतला म्हणून डोकं भादरून घेण्यातला प्रकार.

चौथ्या दिवशी भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, त्यामुळे आल्या आल्या त्याने हबचं पोट फाडलं. आत मुंगळ्याएवढी एक काळी चिप होती. पाय मात्र पाचच.

"मामा, वीज तोडते ती ही."

"बघतोच हिच्याकडे!"

"अरे, ती बिचारी तिचं काम करतेय."

यूएसबी २.० च्या पोर्टवर ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात. तेही संगणकाशी रीतसर ओळखपाळख झाल्यावर; तोवर १०० वर भागवायचं. (३.० मध्ये ९०० मिळतात. ती मंडळी खात्यापित्या घरची.) कुणी फारच ओढायला लागलं की चिपमधला मॉसफेट, म्हणजे विजेचा इलेक्ट्रॉनिक नळ, हात आखडता घेतो. मग होणारा सगळा ताप तिच्याच अंगावर. फारच तापली की बंद पडते, निवली की पुन्हा वीज सोडून बघते. एका पायाने संगणकाकडे चुगलीही करते, पण लगेच नाही. नवं उपकरण लावताक्षणी आपला कपॅसिटर, म्हणजे विजेची छोटी टाकी, भरायला घटाघटा करंट पितं, म्हणून ती काही मिलिसेकंद कानाडोळा करते. एवढा समजूतदारपणा आमच्या घरात कुणाकडे नाही.

"मग चौघांना शिक्षा का?"

"स्वस्तातला हब. चार पोर्टना मिळून एकच चिप."

म्हणजे एकाने शिट्टी मारायची आणि अख्खा वर्ग बाकावर उभा!

"त्यापेक्षा हिच्या दोन पायांवर वायरचा तुकडा टाकून बायपास करू," मी सुचवलं. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, की नातं तोडतोय असंच वाटलं.

"कर. मग तुला सूचना येणार नाही. धूर येईल."

हब पुन्हा जोडून तो टेबलाखाली शिरला. "आता खुर्चीत बस. नेहमी बसतोस तसा. आणि पुढे सरक."

मी सरकलो. पंखा मान टाकून थांबला.

"सापडलं! पंख्याची वायर तुझ्या खुर्चीच्या चाकाखाली येते. पार सोलली गेलीय, लाल नि काळी तार एकमेकींना चिकटतायत."

"बघू, बघू," म्हणत मी उठलो. पंखा गरगरायला लागला.

खालून आवाज आला, "मामा, उठू नकोस ना. पुरावा जातो!"