‘सगळं डिसेबल करा, कॉम्प्युटर पळेल’: त्या मेसेजमधला एकेक सल्ला तपासून

सोसायटीच्या, ऑफिसच्या, दहावीच्या बॅचच्या, कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज येतोच. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी जितके जास्त आयकॉन, तितका कॉम्प्युटर स्लो. म्हणून आयकॉन लपवा, एमएसकॉन्फिग हे विंडोजचं सेटिंगचं साधन उघडून स्टार्टअप आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) दोन्हीकडे ‘डिसेबल ऑल’ करा, तिथेच बूटमध्ये जाऊन प्रोसेसरचा आकडा सगळ्यात मोठा निवडा, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली, ‘रन’ की (सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रामची यादी) साफ करा आणि सोबतच्या लिंकवरचा क्लीनर टाका. मशीन दुप्पट वेगाने चालेल. शेवटी ‘स्वतः करून पाहिलंय’ आणि जोडलेले हात.

परळपासून बोरिवलीपर्यंत छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. हा मेसेज मला गिऱ्हाईक मिळवून देतो, तेव्हा खरं तर मी गप्प बसायला हवं.

नको असलेले प्रोग्राम सुरुवातीलाच चालू होऊ नयेत, एवढं मेसेजचं म्हणणं बरोबर आहे. पुढचं सगळं एकेक करून बघू.

‘आयकॉन लपवा, भार कमी होतो.’ नाही होत. आयकॉन ही दारावरची पाटी आहे. पाटी काढली म्हणून बिऱ्हाड हलत नाही. टास्कबारच्या सेटिंगमध्ये आयकॉन बंद केला तरी प्रोग्राम मेमरीत तसाच चालू राहतो. उलट बरेच प्रोग्राम आयकॉन न दाखवता चालतात, त्यामुळे आयकॉन मोजून काहीच कळत नाही. प्रोग्राम खरंच थांबवायचा तर आयकॉनवर राइट क्लिक करून ‘क्विट’ किंवा ‘एक्झिट’ म्हणावं लागतं. खिडकीची फुली दाबली की अनेक प्रोग्राम फक्त ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाशेजारच्या त्या कोपऱ्यात, जाऊन बसतात. कधी कधी आयकॉन दिसतो आणि माउस त्यावर नेला की गायब होतो. तो प्रोग्राम आधीच कोसळलेला असतो, चित्र तेवढं मागे राहिलेलं असतं. त्याचा भार शून्य.

‘एमएसकॉन्फिगच्या स्टार्टअपमध्ये डिसेबल ऑल.’ हे करताच येत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हाच ती यादी टास्क मॅनेजरमध्ये गेली. एमएसकॉन्फिगच्या त्या टॅबवर आता फक्त तिकडे जायची लिंक आहे. मेसेज किती शिळा आहे ते यावरूनच कळावं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात स्टार्टअप उघडा. तिथे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’चा रकाना असतो आणि ‘हाय’ बघून लोक घाबरतात. सुरू होताना ज्याने सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं, त्याला विंडोज ‘हाय’ म्हणतं. आजच्या काळात ३ एमबी म्हणजे मोबाइलवर काढलेला एक फोटो. त्यामुळे ‘हाय’ म्हणजे गुन्हेगार असं नाही. आणि हा रकाना फक्त सुरुवातीबद्दल बोलतो. दिवसभर कोण किती खातंय ते ‘प्रोसेसेस’मध्ये मेमरी आणि सीपीयूच्या रकान्यात बघावं. ट्रेमधले बहुतेक प्रोग्राम तिथे सीपीयूच्या रकान्यात शून्यावर पेंगताना दिसतात आणि वर ब्राउझर ठाण मांडून बसलेला असतो.

या यादीतून काय काढावं? गाणी, गेम आणि चॅटचे प्रोग्राम, छापखान्यासारखे वागणारे प्रिंटरचे ‘असिस्टंट’, बिनधास्त काढा. स्काइप मे २०२५ मध्ये बंद पडलं, तरी जुन्या मशीनवर ते अजून इमानेइतबारे सुरू होताना दिसतं. ते तर अनइन्स्टॉलच करा. टचपॅड आणि ऑडिओ या नावांच्या नोंदींना मात्र हात लावू नका, नाहीतर दोन बोटांनी स्क्रोल का होत नाही म्हणून फोन येतो. जुन्या मेसेजांत सीटीएफमॉन नावाच्या फाइलला व्हायरस ठरवलेलं असतं. ती विंडोजचीच आहे, भाषा आणि कीबोर्ड सांभाळते. ती बंद पाडलीत तर मराठी कीबोर्डकडे जाता येईना म्हणून बसाल. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फाइल्स ऑनलाइन ठेवायची सोय) बंद करण्याआधी डेस्कटॉपवरच्या फाइल्स त्यातच जातात का, ते बघा.

आता सर्व्हिसेस. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच.

एमएसकॉन्फिगच्या त्या टॅबवर खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ असा चौकोन असतो. त्यावर टिक न करता ‘डिसेबल ऑल’ दाबलं की प्रिंट स्पूलर जातो, म्हणजे प्रिंटर गेला. ऑडिओ जातो. वाय-फायची यादी दाखवणारी सर्व्हिस जाते, म्हणजे उपाय शोधायला इंटरनेटही नाही. पुढच्या वेळी लॉगिन करताना पिन चालत नाही, आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसतो.

टिक केली तरी सुटका नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात हे झालं. अकाउंटंटने सज्जनपणे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवल्या आणि उरलेल्या बंद केल्या. त्यात टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या लायसन्सची सर्व्हिस होती. दुसऱ्या दिवशी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसताना शिकण्यापुरतं चालतं तसं, उघडलं. त्या मोडमध्ये महिन्याची १, २ आणि ३१ याच तारखांना एंट्री होते. जीएसटीआर-३बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायची २० तारीख तोंडावर आलेली, आणि १७ तारखेचं बिल काही केल्या आत जाईना. शिवाय डिजिटल सहीच्या टोकनचा (सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचा) छोटा प्रोग्रामही स्टार्टअपमधून उडवलेला, त्यामुळे टोकन यूएसबीला लावलेलं, त्याचा दिवा चालू, पण सर्टिफिकेट कुठेच दिसत नाही. ‘मॅडम, तुम्ही काही बदललंत का?’ विचारल्यावर उत्तर आलं, ‘नाही हो दादा, फक्त फास्ट केला.’

असं अडकलात तर लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच सुरू होतं त्यात) जा आणि एमएसकॉन्फिगमध्ये ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडा. मग पुन्हा रीस्टार्ट. इथे शट डाउन करून चालू करणं पुरेसं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि तोच परत उचलतं. पूर्ण नव्याने सुरू होतं ते रीस्टार्टनेच. बदल करून ‘फरक पडला की नाही’ बघणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

प्रोसेसरच्या आकड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती सोय तपासणीसाठी, प्रोसेसर मुद्दाम कमी वापरून बघायला आहे. चौकोन रिकामा असतो तेव्हा विंडोज सगळे कोअर वापरतंच. मोठा आकडा निवडून नवीन काही मिळत नाही, चुकून लहान निवडला तर मात्र जातं.

रजिस्ट्री साफ करणं आणि टास्क मॅनेजरमध्ये डिसेबल करणं यांत एक मोठा फरक आहे: डिसेबल केलेली नोंद जागेवर राहते, एका क्लिकवर परत येते. डिलीट केलेली परत येत नाही. आणि रन की रिकामी करूनही प्रोग्राम सुरू होताना दिसतात, कारण स्टार्टअप फोल्डर, टास्क शेड्युलर आणि सर्व्हिसेस हे रस्ते उघडेच असतात. सगळे रस्ते एका जागी बघायचे तर सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स हे फुकटचं साधन आहे. सिसइंटर्नल्स २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. त्यातही डिलीट नाही, टिक काढायची. त्याआधी त्या त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमधलं ‘विंडोजबरोबर सुरू करा’ बंद करा. नाहीतर पुढच्या अपडेटला काही प्रोग्राम स्वतःला परत यादीत घालून घेतात. क्रोम आणि एजमध्येही ब्राउझर बंद केल्यावर मागे चालू राहण्याची सेटिंग आहे, तिथला खटका बंद केला की बराच फरक पडतो.

क्लीनरची लिंक उघडूच नका. तो स्वतःच स्टार्टअपमध्ये बसतो आणि घड्याळाशेजारी आपला आयकॉन लावतो. एवढं करूनही मशीन पाच मिनिटं घेत असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी, म्हणजे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात जा आणि एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवून घ्या. डेटाचा बॅकअप आदल्या रात्री, घरीच.