अंडं आधी की ईस्टर आधी?

कट्ट्यावर विषय निघाला ईस्टरचा, येशू पुन्हा उठला त्या सणाचा, आणि त्यातल्या रंगीत अंड्यांचा नि सशाचा. वादाला तोंड फोडलं बंड्याने. "ईस्टर म्हणजे मुळात इश्तार, बाबिलोनी देवी. अंडं हे तिचंच चिन्ह. ख्रिश्चनांनी आयता सण उचलला," असं मोबाइलमध्ये डोकावत त्याने जाहीर केलं. वर पुस्ती जोडली, "फॉरवर्ड आहे, पण अभ्यासू माणसाचा आहे."

"अभ्यासू माणसाने पुरावा काय दिलाय?" डॅनीने विचारलं. दोन नावं कानाला सारखी लागतात, यापलीकडे काही निघालं नाही.

"इश्तार सोड रे," मास्तर म्हणाले. "त्यातल्या त्यात दम आहे तो वेगळ्याच गोष्टीत. संत बीड नावाच्या इंग्रज मठवासीयाने ७२५ साली लिहून ठेवलंय, की हा सण ज्या महिन्यात येतो त्याला पूर्वी इंग्रजांकडे एओस्त्रे देवीचं नाव होतं. पण त्या ओळींत अंडं नाही आणि ससाही नाही."

"मग अंडं आलं कुठून?"

"कोंबडीच्या पोटातून," नाना म्हणाले. सगळे हसले, पण नाना नकळत बरोबरच बोलून गेले होते. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मध्ययुगीन युरोपात त्यात मांस तर नाहीच, दूधदुभतं आणि अंडीही वर्ज्य. ग्रीक, रशियन वगैरे ऑर्थोडॉक्स चर्चची परंपरा आजही तेच सांगते. "आता कोंबडीला उपवास कोण समजावणार?" डॅनी म्हणाला. "ती आपली अंडी घालतेच आहे. ती साठायची, आणि उपास सुटला की ताटात यायची." इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चात ईस्टरसाठी ४५० अंड्यांची नोंद आहे: अठरा पेन्स. रंगवून, सोन्याचा वर्ख लावून ती वाटायची होती. हे ऐकून नाना खूश झाले. त्यांचा देवीपेक्षा हिशेबाच्या वहीवर विश्वास जास्त.

इथे विषय संपला असता. पण डॅनी पुढे म्हणाला, "अंडं म्हणजे कबर. बाहेरून दगडासारखं थंड, आत जीव. तिसऱ्या दिवशी प्रभू येशू कबरेतून उठला, त्याची ही खूण."

"उकडलेल्या अंड्यातून कसलं पिल्लू निघतंय?" बंड्या.

डॅनी गप्प. मास्तरांनी मात्र खरी अडचण पुढे केली. "उकडलेलं जाऊ दे. कच्च्यातून पिल्लू निघतं ते निसर्गक्रमाने, दिवस भरले की. पुनरुत्थान तसं नाही. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान बघ. येशूच्या मागे आलेल्या बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्यात, त्या त्याच्या प्रेताला लावायला. वाटेत चिंता एकच, कबरेच्या तोंडावरची धोंड लोटणार कोण? जाऊन बघतात तर धोंड सरकलेली. आणि मग त्या काय करतात? थरथर कापत पळत सुटतात. अंड्याकडे बघून कोण पळतं? प्रेषित पौल तर म्हणतो, ख्रिस्त उठलाच नसेल तर तुमचा विश्वास फुकट. एवढा भार अंड्याला पेलतोय होय?"

कट्ट्यावर सहसा इतकं कोणी सलग बोलू देत नाही. मास्तरांना दिलं.

डॅनीने जरा वेळ घेतला. "ग्रीक लोकांचं अंडं बघा. सणाच्या आधीच्या गुरुवारी ते अंडी लालभडक रंगवतात. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. मग ईस्टरला एकाने मुठीत अंडं धरायचं, टोक तेवढं वर. दुसऱ्याने आपल्या अंड्याचं टोक त्यावर आपटायचं. एक म्हणतो 'ख्रिस्तोस अनेस्ती', ख्रिस्त उठला. दुसरा म्हणतो 'अलिथोस अनेस्ती', खरोखर उठला. पिल्लाचा संबंधच नाही. कवच फुटणं महत्त्वाचं."

"आणि जिंकतो कोण?" नाना.

"ज्याचं अंडं शाबूत राहतं तो. वर्षभर त्याचं नशीब जोरात."

"हात्तिच्या! म्हणजे ज्याची कबर उघडलीच नाही तो भाग्यवान?"

यावर डॅनीसकट सगळे लोटपोट. "लोकांना जिंकायला आवडतं, नाना. त्याला धर्म काय करणार?"

माझ्या मते लाल अंड्याने डॅनीची बाजू बऱ्यापैकी सावरली. त्यात गुड फ्रायडेचं, क्रुसावरचं रक्त आहे आणि रविवारचं उघडणंही. गुलाबी-पोपटी चॉकलेटी अंड्यांत तो शुक्रवार मला कुठे दिसत नाही. फ्राय कंपनीने ब्रिटनमध्ये १८७३ साली चॉकलेटचं पोकळ अंडं काढलं, हे मी सांगताच बंड्या उसळला, "पोकळ! म्हणजे रिकामी कबर!"

"ती कबर नव्हे, तो धंदा," मास्तर म्हणाले.

बंड्या हार मानणाऱ्यातला नाही. "बरं, अंड्याचं मिटलं. सशाचं काय? ससा अंडी कुठून आणतो?"

अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट १६८२ साली एका जर्मन वैद्याने लिहून ठेवली आहे, एवढं डॅनीने सांगितलं. बायबलमध्ये तो कुठे आहे, हे बंड्याने तीनदा विचारून पाहिलं.

"नाहीये," डॅनी उठत म्हणाला. "आणि सशाचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही."